शब्दचर्चा: 'ॲचिव्हमेंट गॅप'ला 'गुणवत्तेतील दरी' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: न्यू जर्सीतल्या शाळांमध्ये वंश आणि प्रमाणीकृत चाचण्या यांवर पालक-शिक्षकांची चर्चा चालू आहे. तिचं टिपण मराठी पालकांसाठी करायचं आहे. 'ॲचिव्हमेंट गॅप'ला, म्हणजे वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या चाचणीतल्या मार्कांत दिसणाऱ्या फरकाला, 'गुणवत्तेतील दरी' चालेल का? आणि 'रेस' म्हणजे वंश, वर्ण की जात?

'गुणवत्तेतील दरी' कृपया लिहू नका. मराठीत गुण म्हणजे मार्क आणि गुण म्हणजे अंगचं कसब, चांगुलपणा. 'गुणवत्ता' या शब्दात हे दोन्ही अर्थ असे मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. दहावीच्या गुणवत्ता यादीत नाव झळकलं, पोरगं 'बोर्डात आलं', की ते हुशार ठरायचं. यादी असायची फक्त मार्कांची. त्यामुळे 'कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या गुणवत्तेतील दरी' असं छापलंत, तर मुलांमध्येच काही उणं आहे असं धरून वाचक पुढे जाईल.

अमेरिकेतला वाद नेमका इथेच आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या गेल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने 1923 साली पुस्तक लिहून 'नॉर्डिक', म्हणजे उत्तर युरोपीय, वंशाला वरचा ठरवलं. महाविद्यालयीन प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा 1926 मध्ये पहिल्यांदा झाली, ती याच ब्रिगमच्या देखरेखीखाली. 1930 मध्ये त्याने स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचं लिहून मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली. तिच्या नावात 'ॲप्टिट्यूड', म्हणजे उपजत कल, हा शब्द होता. तो 1990च्या दशकात काढून टाकावा लागला. परीक्षा घेणाऱ्यांनीच सोडलेला दावा आपण 'गुणवत्ता' लिहून परत कशाला आणायचा?

म्हणून 'गुणांमधली तफावत' लिहा. पालकांसाठीच असेल तर 'मार्कांतली तफावत' आणखी बरं. 'मार्क' या शब्दाला दुसरा अर्थ चिकटलेला नाही, आणि घराघरांत बोलतात तोही तोच.

याच चर्चेत 'एज्युकेशन डेट' (debt, म्हणजे देणं) हा शब्दही तुम्हाला भेटेल. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 2006 मध्ये तो मांडला. त्यांचं म्हणणं, दरवर्षीच्या मार्कांतल्या फरकाकडे तूट म्हणून पाहण्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं देणं पाहा: काळ्या मुलांना आधी शिक्षणबंदी, मग वेगळ्या आणि कंगाल शाळा. 'ऋण' इथे नको. त्याला पितृऋणाची कृतज्ञता चिकटली आहे. 'कर्ज' म्हटलं की कुणीतरी ते मागून घेतलेलं असतं. मला 'थकबाकी' सर्वांत नेमका वाटतो: देणाऱ्याने द्यायचं होतं, दिलं नाही, आणि ते वाढत गेलं. 'शिक्षणाची थकबाकी' हे मराठी वाचकाला न समजावता कळेल.

'ऑप्ट-आउट'ला, म्हणजे मुलाला चाचणीपासून बाहेर ठेवण्याला, सरसकट 'बहिष्कार' म्हणू नका. 2013 मध्ये सिॲटलच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या शिक्षकांनी एक चाचणी घ्यायलाच नकार दिला, तो बहिष्कार. 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुमारे एक पंचमांश मुलं चाचण्यांना बसली नाहीत. तिथे पालकांनी आपापल्या मुलाला 'चाचणीला बसवलं नाही'. त्या वर्षी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेसह अनेक नागरी हक्क संघटना या नकाराच्या विरोधात उभ्या राहिल्या, हे टिपणात जरूर येऊ द्या. 2002च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या चाचण्यांचे निकाल वंशवार जाहीर करणं बंधनकारक केलं होतं. शाळा कुणाकडे दुर्लक्ष करते ते त्या आकड्यांतून उघड होत होतं, आणि मुलंच बसली नाहीत तर पुन्हा झाकलं जाईल, अशी या संघटनांची भीती होती. ती मला रास्त वाटते. चाचणी सदोष असली तरी तिचे आकडे पुरावा म्हणून लागतात, म्हणून तर त्यांना नाव देताना जपायला हवं.

'रेस'साठी वंश, विशेषणात वांशिक. 'वर्ण' एकटा आला की चातुर्वर्ण्य आठवतं (कृष्णवर्णीय या जोडशब्दात ते होत नाही), आणि 'जात' आपल्याकडे इतकी ठोस आहे की अमेरिकेचं चित्रच बदलेल. 'प्रमाणित'पेक्षा 'प्रमाणीकृत' बरा, कारण पहिल्याने 'प्रमाणित प्रत' डोळ्यांसमोर येते. पहिल्यांदा लिहिताना 'सगळ्यांना सारखेच नियम, सारखीच तपासणी' एवढं जोडा.

'पब्लिक स्कूल' मात्र तसंच ठेवू नका. आपल्याकडे या नावाच्या शाळा बहुधा महागड्या खासगी असतात. तिथली पब्लिक स्कूल सरकारी, मोफत, आणि बरीचशी स्थानिक मालमत्ता करावर चालणारी. 'सरकारी शाळा' लिहा.