मुली स्पर्धेत का दिसत नाहीत?

प्रश्न : ताई, माझी लेक व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन कॉम्प्युटर गेम छान खेळते. पण स्पर्धांत मुली फारशा नसतातच, असं म्हणते. मुलींना हे जमत नाही का?
– एक आई, सांगली

उत्तर : जमतं हो, उत्तम जमतं! मी स्वतः पहिली दोन वर्षं माईक बंद ठेवून खेळले. आवाज ऐकला की ‘अरे, पोरगी आहे’ सुरू व्हायचं आणि मग नको नको ते. पण पाच जणांच्या टीममध्ये समोरचा कुठून येतोय हे बोलून सांगावंच लागतं. गप्प राहणारीला टीममध्ये कोण घेणार? गळती इथेच सुरू होते.

दक्षिण कोरियाची खेळाडू गेगुरी ओव्हरवॉच या अशाच गेममध्ये इतका अचूक नेम धरायची की २०१६ साली तिच्यावर नेमासाठी सॉफ्टवेअर वापरून फसवणूक केल्याचा आरोप झाला. बिचारीने कॅमेऱ्यासमोर, माऊसवरचा हात दाखवत खेळून तो खोटा ठरवला. २०१८ मध्ये ती शांघाय ड्रॅगन्स संघाकडून त्या गेमच्या व्यावसायिक स्पर्धेत, ओव्हरवॉच लीगमध्ये उतरली, तिथली पहिली महिला खेळाडू म्हणून. असं सिद्ध करायला मुलाला कुणी सांगितलं असतं का?

व्हॅलोरंटमध्ये २०२१ पासून मुलींसाठी ‘गेम चेंजर्स’ स्पर्धा आहेत, त्या लेकीला दाखवा. आणि घरातला कॉम्प्युटर संध्याकाळी भावाचाच असेल, तर आधी तेवढं बदला.