वाचकांचे प्रश्न : घरी केलेली बॉडी चेन कडीपाशीच का तुटते?

प्रश्न : मावसबहिणीच्या लग्नात ब्लाउजवरून घालण्यासाठी मी छातीवर आणि पाठीवर फुली पडेल अशी बॉडी चेन घरीच केली. साखळी आणि कड्या इमिटेशनच्या होत्या. ती घालून खाली बसताच खांद्यापाशी एक कडी निसटली आणि कमरेला जिथे साखळी उघड्या त्वचेला लागत होती तिथे पुरळ उठले. पुन्हा करताना आईचे जुने चांदीचे पैंजण वापरता येतील का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कडी उघडताना आपण तिची टोके बहुधा एकमेकांपासून दूर ओढली असावीत. तसे केल्याने तिची गोलाई बिघडते आणि नंतर कितीही दाबली तरी फट राहतेच. कडी दोन पकडींत धरून एक टोक आपल्याकडे व दुसरे पलीकडे वळवावे आणि त्याच वाटेने परत आणावे. नख फिरवल्यावर फट लागली नाही, तरच ती बसली असे समजावे. तार २० गेजची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीची घ्यावी.

दुसरे कारण मापाचे आहे. उभे राहून घेतलेले माप बसल्यावर कमी पडते, म्हणून दोऱ्याने माप घेताना खाली बसावे, श्वास भरून घ्यावा आणि हातही वर करून पाहावेत. दोन लांब फेऱ्यांऐवजी चार वेगळे तुकडे (दोन खांद्यांवरून, दोन खाली कमरेवरून जाणारे) करून ते पुढे व मागे एकेका मोठ्या कडीत जोडणे मला अधिक योग्य वाटते, कारण दोन्ही खांदे क्वचितच सारखे असतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मापता येतो. ही रचना जुनीच आहे. मध्य प्रदेशातील भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरील यक्षींच्या अंगावर दिसणाऱ्या अशा दागिन्याला छन्नवीर म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये हॉक्सन येथे १९९२ साली सापडलेल्या रोमनकालीन खजिन्यातील सोन्याच्या अंगसाखळीतही चार साखळ्या पुढच्या व मागच्या पदकाला जोडलेल्या आहेत. मोठ्या दोन कड्या सोनाराकडून झाळून, म्हणजे त्यांची फट धातूने सांधून घ्याव्यात. बारीक कड्या मात्र झाळू नयेत. साखळी कुठे अडकली, तर अंगाला ओढ बसण्याआधी एखादी कडी उघडलेली बरी. खालच्या दोन्ही तुकड्यांना मागे हूक आणि चार-पाच सेंटीमीटरची जोडसाखळी ठेवावी.

पुरळाचे कारण बहुधा निकेल असावे. स्वस्त मिश्रधातूंत ते पुष्कळदा असते, घामाने सुटून त्वचेत उतरते, आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. पितळेमुळे पडणारा हिरवट डाग वेगळा. तो साबणाने जातो. धातू त्वचेला लागू नये म्हणून दिलेला नेलपॉलिशचा थर घासून लवकर निघतो, त्यावर विसंबू नये. त्वचेला लागणारा भाग ९२.५ टक्के चांदीचा असावा. पुरळ ओसरले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आईचे पैंजण अवश्य वापरावेत, पण आधी सराफाकडून चांदीचा कस तपासून घ्यावा, कारण जुन्या पैंजणांत भेसळ बरीच असू शकते. हुपरीसारखे चांदीकामाचे गाव आपल्यापासून जवळ आहे, तिथेही चौकशी करता येईल. पैंजण जड असतात, त्यामुळे ते खांद्यावर न घेता खालच्या तुकड्यांत, कमरेच्या दोन्ही बाजूंना बसवावेत. एक पैंजण साधारण २५ सेंटीमीटरचे भरते. उरलेली लांबी बारीक चांदीच्या साखळीने पुरी करावी. साडीच्या जरीत अडकणारी घुंगरे तेवढी काढून जपून ठेवावीत. पैंजण कापू किंवा वितळवू मात्र नयेत. त्यांच्या टोकांच्या मूळ कड्यांतच नव्या कड्या ओवल्या, तर लग्नानंतर ते सोडवून आईंना पुन्हा पायात घालता येतील.