वितंडा कशाला म्हणावे?

स्वतःचे मत न मांडता जो केवळ समोरच्याच्या युक्तिवादातील दोष दाखवतो, त्याला वितंडवादी म्हणावे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. केवळ तेवढ्यावरून तसे म्हणणे मला अन्यायाचे वाटते आणि न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्कशास्त्राचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाचा, आधारही त्याला मिळत नाही.

या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, गौतमाच्या न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार येतात. प्रमाण (ज्ञानाचे खात्रीचे साधन) आणि तर्क यांच्या बळावर आपल्या पक्षाची स्थापना व दुसऱ्याच्या पक्षाचे खंडन जिथे होते, तो वाद. त्यात छल (शब्दाचा अर्थ फिरवणे), जाती (वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर उभारलेले फसवे आक्षेप) आणि निग्रहस्थाने (प्रतिस्पर्धी हरला असे ठरवण्याचे मुद्दे) यांचाही शस्त्रासारखा वापर झाला की तो जल्प. वक्त्याने 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असे म्हटले असता 'याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?' असे विचारणे हा छलाचा परंपरेतला नमुना होय. आणि 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा', म्हणजे प्रतिपक्षाची, म्हणजे समोरच्याविरुद्धच्या आपल्या पक्षाची, स्थापना न करता चालवलेला तोच जल्प ही वितंडा. या सूत्रातील 'स' हे सर्वनाम जल्पाकडे बोट दाखवते आणि नेमके तेच आपल्याकडे विसरले जाते. वितंडेत पक्ष मांडलेला नसतो हे खरे, परंतु पक्ष न मांडणारा प्रत्येक जण जल्पाच्या वाटेने जात नाही.

न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातील एक उदाहरण पाहा. 'शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही,' असे कोणी म्हटले. त्यावर दुसऱ्याने दाखवून दिले की बुद्धीलाही स्पर्श नाही, तरी ती अनित्य आहे. उलट अणूला स्पर्श आहे, तरी तो नित्य मानला जातो. हेतू, म्हणजे दिलेले कारण, सव्यभिचार (निष्कर्षाला कधी साथ देणारा, कधी न देणारा) ठरला आणि अनुमान तिथेच कोसळले. शब्द अनित्य आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी या आक्षेपकावर येत नाही, कारण त्याने तसा दावाच केलेला नाही. दिलेला हेतू अपुरा आहे एवढेच त्याने सांगितले, आणि असा उपालंभ (दोष दाखवून केलेले खंडन) तर वादाच्या लक्षणातच (व्याख्येतच) अंतर्भूत आहे. शिवाय न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात, गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित लोकांशी वाद करावा असे सांगून लगेच पुढे, जाणून घेण्याची इच्छा असेल तर प्रतिपक्ष न मांडताही चर्चेला बसावे, अशी मोकळीक दिली आहे. मला हे सूत्र फार मोलाचे वाटते. ज्याचे मत अजून बनलेले नाही, त्यालाही शंका विचारण्याचा हक्क ते देते.

वितंडाही सर्वस्वी त्याज्य मानलेली नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा असतात, असे त्याच अध्यायात म्हटले आहे. श्रीहर्षाने बाराव्या शतकात 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या) लक्षणांचे जे कठोर खंडन केले, ते परपक्षखंडनाच्या याच पद्धतीचे अत्यंत गंभीर उदाहरण आहे. बोलीभाषेत 'वितंडवाद' म्हणजे निष्फळ हुज्जत, आणि रोजच्या बोलण्यात तो अर्थ चालेल. तात्त्विक चर्चेत मात्र या एका शब्दाने खऱ्या आक्षेपाचे उत्तर टाळले जाते.

समोरचा खरोखर वैतंडिक, म्हणजे वितंडा करणारा, आहे का, हे पाहण्यासाठी वात्स्यायनाने सुचवलेली कसोटी वापरावी: या खंडनामागे आपले प्रयोजन काय, असे त्याला सरळ विचारावे. त्याने ते मान्य केले, तर तोच त्याचा पक्ष ठरतो आणि त्याचे वैतंडिकत्व संपते. काहीच मान्य केले नाही, तर तो ना लौकिक (सामान्य व्यवहारातला माणूस) ना परीक्षक (तपासून विचार करणारा), असे भाष्यकार म्हणतो. मात्र हा प्रश्न विचारण्याआधी त्याने दाखवलेल्या व्यभिचाराचे, म्हणजे हेतूतील विसंगतीचे, उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे.