लस घेऊनही बाळ आजारी पडलं, मग ती फुकट गेली का?

रोटाव्हायरसचे सगळे डोस होऊनही आठव्या महिन्यात बाळाला जुलाब लागले, म्हणून घरातले आता गोवराची लसही नको म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. ताई, गोवराची लस थांबवू नका, हे आधीच सांगते.

जुलाब कितीतरी विषाणूंनी आणि जिवाणूंनी होतात. रोटाची लस त्यांतल्या एकाच विषाणूवर आहे. बाळ शुष्क पडून सलाइन लावायची वेळ येऊ नये, हे तिचं मुख्य काम. बालमृत्यू कमी असलेल्या देशांत ती रोटाचा गंभीर आजार साधारण 85 ते 90 टक्के टाळते. बालमृत्यू जास्त असलेल्या देशांत हाच आकडा 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास येतो. तरी तिथे मुळात आजारच इतका असतो, की जीव जास्त वाचतात ते तिथेच. क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीबद्दलही असाच गैरसमज आहे. मोठेपणी फुप्फुसांचा क्षय झालेला माणूस दिसला की लोक तिला निकामी ठरवतात, पण लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवणं हे तिचं खरं काम आहे.

'एवढ्या लहान बाळाला लस लागूच पडत नाही' या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि ते लपवू नये असं मला वाटतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि गोवराच्या लसीच्या आड येतात. म्हणून नवव्या महिन्यात दिलेला एक डोस साधारण 85 टक्के मुलांमध्ये लागू पडतो, तर वर्षानंतर दिलेला 93 ते 95 टक्के. मग नवव्या महिन्यात द्यायचाच कशाला? जिथे गोवराची साथ असते तिथे बाळाला वर्षभर संरक्षणाशिवाय ठेवणं जास्त धोक्याचं, म्हणून. राहिलेली कसर दुसरा डोस भरून काढतो, त्यामुळे तो चुकवायचा नाही.

'आजारी पडलेल्यांत लस घेतलेलीच मुलं जास्त होती' हेही तुम्ही ऐकलं असेल. हे खरंही असू शकतं! हिशोब करून बघा. समजा 1000 मुलं आहेत, त्यांतल्या 950 जणांना 93 टक्के परिणामकारक असा एक डोस मिळालाय आणि 50 जणांना काहीच नाही. गोवर आला तर लस नसलेल्या, जवळ वावरणाऱ्या 10 पैकी 9 जणांना तो होतो. म्हणजे त्या 50 पैकी 45 मुलं आजारी. लस घेतलेल्या 950 पैकी साधारण 66 जणांना ती लागू पडलेली नसते, आणि त्यांतल्याही 10 पैकी 9 जणांना गोवर झाला तर साधारण 60. साठ हा आकडा मोठा दिसतो आणि तोच सगळीकडे फिरतो. पण एका बाजूला शंभरात सहा मुलं आहेत आणि दुसऱ्या बाजूला शंभरात नव्वद. घरातल्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, नुसतं बोलून तो पटत नाही.

आणि जी मुलं आजारी पडलीच नाहीत, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. घटसर्पाने गुदमरणारं मूल आजच्या बहुतेक पालकांनी पाहिलेलंच नाही, त्यामुळे लसीनंतरचा एक दिवसाचा ताप त्यांना आजारापेक्षा मोठा वाटतो.

आता तुमच्या बाळाचं. ओआरएस आणि दूध चालू ठेवा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं किंवा शीतून रक्त आलं, तर लगेच डॉक्टर गाठा. जुलाब सौम्य असतील तर तेवढ्यावरून गोवराची लस पुढे ढकलावी लागत नाही. आधीचा एखादा डोस उशिरा झाला असेल, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात.