लहान मुलांसाठी चित्र-आवाजवाली डिक्शनरी द्यावी का, आणि कोणती?

तुमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि चित्रं, आवाज, अ‍ॅनिमेशन असलेली डिक्शनरी तिला द्यावी का असं विचारलंय. द्या, पण तिच्या हातात देऊन तुम्ही उठून जाणार असाल तर नका देऊ. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये मी होते, शब्द निवडणं आणि वाक्यं लिहिणं माझ्याकडे होतं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

आमच्याकडे स्क्रीनवर कुठेही बोट लावलं की काहीतरी व्हायचं. 'उडी' या शब्दाच्या पानावर बेडूक टोपी घालून नाचायचा, मागचा ढग शिंकायचा. मी म्हणत होते, शब्द उडी आहे ना, मग बेडकाला उडी मारू दे की, टोपी कशाला! तर मॅनेजरचं एकच, मॅडम, मुलं बोअर होतील. मग मुलांना बसवून टेस्टिंग झालं. मुलं खूश, परत परत ढगाला शिंकायला लावतायत, सगळे माझ्याकडे बघतायत की बघा, आवडतंय. नंतर मी स्क्रीन बंद करून कागदावरची वेगळी चित्रं काढली आणि विचारलं, यात उडी कोण मारतंय? दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी समोर होती आणि एक पोरगा विचारतो, बेडूक कुठंय? बहुतेकांचं तेच, नाच लक्षात राहिला, शब्द नाही. तरी रिपोर्टमध्ये काय गेलं, तर 'मुलांना फार आवडलं'.

आवडणं आणि शिकणं यात फरक आहे हो. २०१० मध्ये ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवर अभ्यास केला, शब्द शिकवणारी डीव्हीडी बघितलेली बाळं न बघितलेल्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत, सगळ्यात जास्त शिकली ती व्हिडिओशिवाय, रोजच्या कामात आईबाबांनी शब्द शिकवलेली. आणि ज्या पालकांना डीव्हीडी आवडली त्यांनाच वाटत होतं की बाळ खूप शिकलं! २०१५ मध्ये ताकाच, स्वार्ट आणि बुस यांनी डिजिटल गोष्टींच्या पुस्तकांवरचे ४३ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही चित्रांची हालचाल, आवाज, संगीत यांचा फायदा दिसला, पण हॉटस्पॉटनी, म्हणजे बोट लावलं की काहीतरी होतं अशा जागांनी, मुलांचं लक्षच उडतं असं निघालं. मी वेगळं काय सांगत होते?

त्यामुळे घेताना हेच बघा की हालचाल शब्दाचीच आहे ना. एका शब्दाला तीन-चार वेगवेगळी चित्रं हवीत, नाहीतर लाल चेंडू तेवढाच चेंडू होतो. आवाज माणसाचा हवा, शब्द छोट्या वाक्यातही ऐकू यायला हवा. अकारविल्हे यादीचा या वयात काही उपयोग नाही, घर, प्राणी, अंग असे गट असले की मूल स्वतः शोधतं. मधले गेम बंद करता येत नसतील तर सरळ सोडून द्या, ते शिकवायला नसतात, मुलाला अडकवून ठेवायला असतात, कोणी काहीही म्हणो.

अ‍ॅपचं नाव देत नाही, प्रत्येक अपडेटमध्ये काहीतरी नवीन घुसवतात. आणि हो, डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्यात हेही धरा. वरचे अभ्यास एक बाळांचा आणि एक गोष्टींच्या पुस्तकांचा आहे, डिक्शनरीला जसेच्या तसे लागू होतील असं नाही. मूल उशिरा बोलत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर मात्र माझं ऐकू नका, स्पीच थेरपिस्टला विचारून ठरवा.