फंड हाऊस ‘ईएसजी इंटिग्रेशन’ करतात म्हणजे नेमकं काय करतात? ईएसजी फंडात एसआयपी लावावी का?

तुम्ही विचारलंय की हल्ली जवळपास प्रत्येक फंड हाऊसच्या वेबसाइटवर ‘आम्ही गुंतवणूक करताना पर्यावरण, समाज आणि गव्हर्नन्स (कंपनीचा कारभार), म्हणजे ईएसजी, बघतो’ असं लिहिलेलं असतं, तर ते लोक प्रत्यक्षात करतात काय, आणि तुम्ही त्यात एसआयपी लावावी का. मी बरीच वर्षं मुंबईत बाय साइडला रिसर्च केलाय, म्हणजे ब्रोकरकडे नाही, जो स्वतः पैसे लावतो त्याच्यासाठी कंपन्या तपासायच्या. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगतो. थोडं लांबेल.

आधी एक घोळ दूर करू. बहुतेक लोकांना वाटतं ईएसजी म्हणजे दारू, तंबाखू, कोळसा यांना बाहेर काढणं. ती एक पद्धत आहे, तिला एक्सक्लूजन म्हणतात. नॉर्वेचा सरकारी पेन्शन फंड हे उघडपणे करतो, त्यांची यादीच नेटवर आहे, तंबाखूमुळे आपली आयटीसी त्यात आहे, आणि वेदांता रिसोर्सेसला तर त्यांनी २००७ मध्येच बाहेर काढलं होतं, पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्क या कारणांवरून. पण इंटिग्रेशन वेगळं. त्यात कंपनी बाहेर जायलाच पाहिजे असं नाही, कंपनी तीच राहते पण तिचा हिशोब बदलतो. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे: एनालिस्टने ईएसजी बघितल्यावर त्याच्या एक्सेलमधला एखादा आकडा बदलला का? विक्रीचा अंदाज, खर्च, कॅपेक्स (प्लांट-मशिनरीवरचा खर्च), शेअरला द्यायचा भाव, पोर्टफोलिओतलं वेटेज, नाहीतर एजीएममध्ये (शेअरधारकांच्या वार्षिक सभेत) दिलेलं मत, यापैकी काहीच हललं नसेल तर इंटिग्रेशन झालेलं नाही, रिपोर्टला एक पान जोडलं गेलं एवढंच.

उदाहरण आपल्याकडचंच घेतो. २०१६ चा उन्हाळा आठवत असेल, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायचा आदेश दिला, बाकीच्या उद्योगांनाही कमी का होईना कपात लागली. आता वाळूज भागात बिअरचे मोठे कारखाने आहेत, आणि बिअर सगळ्यात जास्त खपते उन्हाळ्यात, म्हणजे जेव्हा माल हवा नेमकं तेव्हाच पाणी नाही. जो एनालिस्ट अशी कंपनी तपासतो त्याने ‘वॉटर रिस्क : हाय’ असा रकाना भरून चालत नाही. कुठला प्लांट कुठल्या धरणावर अवलंबून आहे, एकूण उत्पादनात त्या प्लांटचा वाटा किती, एप्रिल ते जून तिमाहीत किती माल कमी निघेल, दुसऱ्या राज्यातून आणायचा तर भाडं आणि टॅक्स किती (दारूचे नियम राज्याराज्यात वेगळे, त्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही), पाणी रिसायकल करायचा प्लांट टाकायचा तर किती कोटी, हे सगळं मॉडेलमध्ये, म्हणजे त्या एक्सेलमधल्या हिशोबात, घालावं लागतं. आणि असं दर चार-पाच वर्षांनी एकदा होणार हे धरून चालायचं. हे केलं की शेअरची किंमत वेगळी येते. याला म्हणतात इंटिग्रेशन.

काही जण शॉर्टकट मारतात, रिस्क दिसली की डिस्काउंट रेट (पुढच्या कमाईची आजची किंमत काढायला वापरतात तो दर) अर्धा टक्का वाढवून मोकळे. मला ते कधीच पटलं नाही. त्या अर्ध्या टक्क्यावर कोणी वादच घालू शकत नाही, तो कुठून आला हेच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी शेअर आवडला की तो गुपचूप पाव टक्का होतो. कॅश फ्लोमध्ये घातलेला आकडा चुकला तर निदान दिसतो तरी.

दुसरी गोष्ट, सगळ्या कंपन्यांना सगळे मुद्दे लागू नसतात. बँकेच्या ऑफिसात किती एलईडी बसवले याने काही फरक पडत नाही, बँक कर्ज कोणाला देते आणि ते वसूल कसं होतं यात तिचं मरण-जगणं असतं. स्टीलचं उलट. भारतात एक टन स्टीलमागे सरासरी अडीच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त, आणि युरोपने सीबॅम नावाचा जो कार्बन टॅक्स आणलाय (रिपोर्टिंग ऑक्टोबर २०२३ पासून, खरा पैशाचा बोजा जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर) त्यामुळे युरोपला जाणाऱ्या टनांवर सरळ खर्च वाढतो. म्हणजे एनालिस्टला बघायचं काय तर कंपनीचा किती माल युरोपला जातो, कुठल्या भट्टीतून जातो, आणि तो बोजा गिऱ्हाईकावर टाकता येतो का. म्हणूनच कामाचे मुद्दे उद्योगाप्रमाणे ठरवतात, सॅस्ब नावाच्या स्टँडर्डमध्ये तर ७७ उद्योगांसाठी ७७ वेगळ्या याद्या आहेत.

आता गव्हर्नन्स. भारतात पैसे बुडतात ते सगळ्यात जास्त इथे, असं माझं ठाम मत आहे, आणि इथला चांगला फंड मॅनेजर हे तपासणं ईएसजी हा शब्द यायच्या आधीपासून करतोय. सत्यम ही आयटी कंपनी आठवा. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांना कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला, डिसेंबरमध्ये प्रमोटरच्या कुटुंबाच्या मेटास कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घ्यायचा बेत गुंतवणूकदारांनी आरडाओरडा केल्यावर रद्द झाला आणि ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे चेअरमन रामलिंग राजूंचं पत्र आलं की ५,०४० कोटींची कॅश आणि बँक बॅलन्स मुळात नाहीच. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. त्या पुरस्काराने कोणाचे पैसे वाचले? त्यामुळे आमच्याकडे जे बघतात ते साधं असतं: प्रमोटरचे शेअर किती गहाण आहेत, ऑडिटर मुदतीच्या मधेच का सोडून गेला, बॅलन्स शीटवर एवढी कॅश आहे तर व्याज एवढं कमी का, घरच्याच कंपन्यांशी किती व्यवहार चालतात, नफा घटला तरी प्रमोटरचा पगार वाढतोय का. यातलं एखादं उत्तर फारच वाईट असलं तर मॉडेल करायचं कारणच उरत नाही, शेअर कितीही स्वस्त असू दे.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे मधला एस, माणसं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तुतिकोरिनचा स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना वर्षाला ४ लाख टनांचा, तिथल्या लोकांच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू होत्या. मे २०१८ मध्ये आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं मेली, आठवड्याभरात तामिळनाडू सरकारने कारखाना बंद केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो उघडायला नकार दिला. अख्ख्या प्लांटची कमाई शून्य. गावातल्या तक्रारी ज्याने ‘नॉन फायनान्शियल’ म्हणून सोडून दिल्या त्याचं मॉडेल तिथेच संपलं. ब्राझीलमध्ये जानेवारी २०१९ ला ब्रुमाडिन्यो इथे वाले कंपनीच्या खाणीतल्या गाळाचा बांध फुटला, २७० माणसं गेली, त्यानंतर चर्च ऑफ इंग्लंडचा पेन्शन फंड आणि स्वीडनचे पेन्शन फंड पुढे झाले, त्यांनी सातशेहून जास्त खाण आणि तेल कंपन्यांना पत्रं लिहून विचारलं की तुमचे असे बांध कुठे आहेत, किती उंच आहेत, कोणी तपासले. २०२० मध्ये त्यातून जागतिक स्टँडर्ड तयार झालं. गुंतवणूकदाराने साधा प्रश्न नेटाने विचारला तर काय होऊ शकतं ते यातून दिसतं.

आपल्याकडे आता माहिती तरी मिळायला लागलीये. सेबीने बीआरएसआर नावाचा रिपोर्ट बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केला. त्यात पाणी, वीज, उत्सर्जन, पगार, सगळं येतं, पण तुम्ही कधी उघडलात तर आधी सेफ्टीचा तक्ता बघा, कामावर किती मृत्यू झाले ते कर्मचारी आणि कामगार असं वेगवेगळं दिलेलं असतं. कंत्राटी कामगार किती आणि कायम किती हेही असतं. मी कुठल्याही कारखानदार कंपनीचं पहिलं हेच पान वाचतो, कारण जिथे दरवर्षी माणसं मरतायत तिथे मेंटेनन्सवर पैसे वाचवले जात असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते पुढे कधीतरी नफ्यातही दिसतंच.

बाहेरच्या रेटिंगवर फार विसंबू नका. एमआयटीशी संबंधित संशोधकांनी सहा एजन्सींची ईएसजी रेटिंग ताडून बघितली तर त्यांच्यातलं कोरिलेशन (१ म्हणजे पूर्ण एकमत) सरासरी ०.५४ निघालं, क्रेडिट रेटिंगमध्ये हेच ०.९ च्या वर असतं. म्हणजे एकच कंपनी एकाकडे पहिल्या नंबरात आणि दुसऱ्याकडे मधे कुठेतरी. फोक्सवॅगन डिझेल घोटाळा उघड झाला त्या सप्टेंबर २०१५ मध्येच डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्समध्ये वाहन उद्योगात अव्वल म्हणून होती, नंतर काढली. म्हणून बरी फंड हाऊसेस रेटिंग विकत घेतात पण स्वतःचं स्कोअरिंग वेगळं ठेवतात.

आणि नुसतंच बोलणारेही आहेतच. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीने आपण रिसर्चमध्ये ईएसजी कसं मुरवलंय याची भरपूर जाहिरात केली, पण स्वतःचीच पॉलिसी नीट राबवली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या एसईसीने (त्यांची सेबी म्हणा) २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलरचा दंड लावला.

आता मतदान, जे सामान्य माणूस कधी बघतच नाही. म्युच्युअल फंडाकडे तुमच्या पैशाने घेतलेले शेअर असतात, त्यांचं मत तुमच्या वतीने फंड देतो, आणि सेबीने आता ते देणं बंधनकारक केलंय. २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून पाच वर्षांत सव्वापाच टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव आणला. नियमाने अशा व्यवहारात प्रमोटरचं मत बाजूला राहतं, बाकीच्यांनी ५७ टक्के मतं विरोधात टाकून तो पाडला. पाचव्या वर्षापासून शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाऊण रुपया जादा गेला असता, तो वाचला. हे गव्हर्नन्सचं काम, आणि हा सरळ नफा.

एसआयपीचं म्हणाल तर माझं मत असं. सेबीने २०२३ मध्ये ईएसजी फंडांचे सहा प्रकार ठरवून दिले (एक्सक्लूजन, इंटिग्रेशन, बेस्ट इन क्लास, इम्पॅक्ट वगैरे), निदान ८० टक्के पैसा त्या ठरलेल्या पद्धतीनेच लावायचा. तर आधी फंड कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, मग त्याच फंड हाऊसचा साधा लार्ज कॅप फंड घ्या आणि दोघांचे टॉप टेन शेअर शेजारी ठेवा. त्याच बँका आणि त्याच आयटी कंपन्या असतील (बऱ्याचदा असतात, कारण त्यांना धुराडंच नसतं, स्कोअर आपोआप चांगला येतो) आणि एक्स्पेन्स रेशो (फंड दरवर्षी कापतो तो खर्च) मात्र जास्त असेल तर सोडून द्या. शिवाय हे थिमॅटिक फंड आहेत, म्हणजे एकाच विषयावर बेतलेले, सरकारी आणि ऊर्जा कंपन्या जोरात असल्या की मागे पडू शकतात, त्यामुळे मुख्य एसआयपी इंडेक्स किंवा फ्लेक्सी कॅपमध्ये (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे लावणारा फंड) ठेवा आणि इथे आवडलंच तर छोटी रक्कम लावा.

आणि एक काम नक्की करा. फंड हाऊसच्या साइटवर मतदानाची फाइल असते, प्रत्येक ठरावाला काय मत दिलं आणि का दिलं ते त्यात असतं. एक्सेलमध्ये उघडून फिल्टर लावा आणि विरोधात किती वेळा मत दिलंय ते बघा, कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही वाचा. शेकडो ठरावांत एकदाही विरोध नसेल आणि सगळीकडे एकच वाक्य चिकटवलेलं असेल तर मी तरी त्या ईएसजी फंडात पैसे टाकत नाही.