‘--ड्राय-रन’ की ‘--टेस्ट’?

प्रश्न असा: बॅकअपसाठी कमांड-लाइन टूल लिहितोय. कोणत्या फायली कॉपी होतील, कोणत्या उडतील हे नुसतं दाखवायचं, हात कशालाच लावायचा नाही. अशा ऑप्शनला ‘--टेस्ट’ म्हणावं, ‘--चेक’ की ‘--ड्राय-रन’? एकाक्षरी रूप ‘-एन’ चालेल का?

‘--ड्राय-रन’च ठेवा. बॅकअपच्या टूलमध्ये ‘--टेस्ट’ तर मुळीच नको. फायली दाबून लहान करणाऱ्या जीझिपमध्ये ‘--टेस्ट’ म्हणजे दाबलेली फाइल शाबूत आहे का ते तपासणं. अनझिपची ‘-टी’ही तेच करते. तुमचा वापरकर्ता ‘--टेस्ट’ देऊन कालचा बॅकअप ठीक आहे असं समजून निर्धास्त झोपेल. ‘--चेक’ सर्व्हरची मांडणी करणाऱ्या अ‍ॅन्सिबलमध्ये या अर्थाने आहे खरं, पण ‘--चेक’ म्हटलं की बहुतेकांना ‘ठीक की नाही’ असा निकाल हवा असतो: फाइल बदललेली नाही ना हे चेकसमवरून ताडणाऱ्या ‘शा२५६सम --चेक’मध्ये बेरीज जुळली नाही की एक्झिट स्टेटस (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य राहत नाही, आणि स्क्रिप्ट त्यावरच विसंबते. लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘अ‍ॅप्ट-गेट’ने नुसतं दाखवण्याच्या कामाला ‘--सिम्युलेट’, ‘--जस्ट-प्रिंट’, ‘--ड्राय-रन’, ‘--रेकॉन’, ‘--नो-अ‍ॅक्ट’ अशी पाच नावं दिलीत. सगळ्यांची मर्जी सांभाळायला गेलं की हे असं होतं.

‘-एन’बद्दल मात्र जपून. प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेकमध्ये आणि फायली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये ती ड्राय-रनच आहे, पण कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये बघा: ‘गिट पुश -एन’ म्हणजे ड्राय-रन, आणि ‘गिट कमिट -एन’ (कमिट म्हणजे बदल नोंदवणं) म्हणजे ‘--नो-व्हेरिफाय’, तपासणी नको. म्हणजे नुसतं बघू म्हणून कमिटला ‘-एन’ द्यावं, तर कमिट खरंच होतं, वर प्री-कमिट हुकही, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, वगळला जातो. तुमच्या टूलला सबकमांड (गिटच्या ‘पुश’, ‘कमिट’सारख्या) असतील तर सगळीकडे ‘-एन’चा अर्थ एकच ठेवा. ते जमणार नसेल तर लघुरूप देऊच नका.

नावाइतकंच वागणंही चोख हवं. आरसिंकला तपशील छापणारी ‘-व्ही’ किंवा ‘-आय’ न देता नुसती ‘-एन’ दिली तर पडद्यावर काहीच उमटत नाही. नवशिक्याला वाटतं, करण्यासारखं काही नव्हतंच. तुमच्या ड्राय-रनने यादी आपणहून छापावी. ‘गिट क्लीन -एन’ प्रत्येक ओळीत ‘हे काढलं जाईल’ अशा भविष्यकाळी भाषेत सांगतं, तो नमुना उचलण्याजोगा आहे. ‘काढलं’ असं छापलंत तर लॉग वाचणारा हादरेल.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, एडब्ल्यूएसच्या, ‘एस३’ कमांडमध्ये हेच नाव ‘--ड्रायरन’ असं जोडून आहे, म्हणून बोटांना दोन्हीची सवय असते. दोन्ही स्वीकारा, हेल्पमध्ये एकच दाखवा. अनोळखी ऑप्शन आला की तिथेच त्रुटी देऊन थांबा. तो दुर्लक्षून पुढे जाणारं टूल टायपो झाल्यावर खऱ्या फायली उडवतं. पायथनमधलं ऑप्शन वाचणारं आर्गपार्स अनोळखी ऑप्शनवर स्टेटस २ देऊन थांबतं, पण ते अर्धवट नावंही चालवून घेतं: आज कोणी स्क्रिप्टमध्ये ‘--ड्राय’ लिहिलं आणि उद्या तुम्ही ‘--ड्राय-रिपोर्ट’ आणलात, की ती स्क्रिप्ट मोडली. अर्धवट नावं चालवणाऱ्या ‘अलाउ_अ‍ॅब्रेव्ह’ला पहिल्या दिवसापासूनच ‘फॉल्स’ करा.

आणि टूल मुळातच ड्राय-रनमध्ये चालावं असं ठरवलंत, तर खऱ्या कामासाठी ‘--नो-ड्राय-रन’ नको. दोन नकार सोडवत बसण्यापेक्षा सरळ ‘--अप्लाय’ द्या.